घडणावळीचा भाव

रद्दीवाल्याने ते खोके तराजूच्या पारड्यात ठेवले आणि मी जिन्यातच थांबलो.

आमची डोंबिवलीची इमारत पुनर्विकासाला गेली, त्या आठवड्यातली ही गोष्ट. तीन मजले, बारा बिऱ्हाडे, लिफ्ट नाही. महिनाअखेर जागा रिकाम्या करून द्यायच्या होत्या आणि बाराही घरांचे माळे एकाच वेळी खाली उतरत होते. मराठी मध्यमवर्गीय घरातला माळा म्हणजे एक स्वतंत्र संस्थानच असते. बंद पडलेला स्टोव्ह, बारशाचा पाळणा, सुतळीने बांधलेले दिवाळी अंकांचे गठ्ठे आणि मिक्सरपासून टीव्हीपर्यंत प्रत्येक वस्तूचे मूळ खोके. "असू दे, बदली झाली तर उपयोगी पडेल," या एका वाक्यावर ही खोकी तीस-तीस वर्षे जगतात. बदली होत नाही, खोके राहते.

पारड्यातले खोके मात्र मिक्सरचे नव्हते. जाडजूड ग्रंथाएवढे, चकचकीत, वर समुद्री चाच्यांचे रंगीत चित्र. आत काहीतरी खडखडले. "पुठ्ठाच आहे साहेब, किलोवर जाईल," रद्दीवाला म्हणाला. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी पायऱ्या उतरत आल्या. "भाऊजी, अशी अजून सोळा आहेत वर. ह्यांची."

'ह्यांची' म्हणजे त्यांच्या यजमानांची. जहाजावर इंजिनिअर होते. त्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. सहा-सहा महिने बोटीवर काढणाऱ्या त्या माणसाला संगणकावरच्या खेळांचा शौक होता. ज्या काळात आपल्याकडे बहुतेकांनी संगणक पाहिलाही नव्हता, त्या काळात सिंगापूर, रॉटरडॅमसारख्या बंदरांतून तो हे खेळ खोक्यासकट विकत आणायचा. मी रद्दीवाल्याच्या हातावर चहाचे पैसे ठेवले आणि ते खोके परत वर नेले.

वर त्यांचा चिरंजीव वाटच पाहत होता. इंजिनिअरिंग नुकतेच संपलेले, पुढे परदेशी शिकायला जायचे ठरलेले. पैशांची जमवाजमव चालू होती आणि शेवटचा उपाय म्हणून आईने आपल्या चार पाटल्या बँकेत ठेवायचे मनाशी योजले होते, हे साऱ्या इमारतीला ठाऊक होते. मुलाने मोबाइल माझ्यापुढे धरला. "काका, अमेरिकेत मारिओच्या खेळाचे एक खोके साडेअकरा कोटींना गेले. आपल्याकडे सतरा आहेत. तुम्ही बँकेत होतात, भाव काढून द्या ना. पाटल्या ठेवाव्या लागणार नाहीत."

बातमी खोटी नव्हती. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका लिलावात 'सुपर मारिओ ६४' या १९९६ सालच्या खेळाची सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला विकली गेली. तेव्हाच्या दराने हिशेब साडेअकरा कोटींच्या आसपासच येतो. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली. बँकेतली तीस वर्षे आणि जुन्या वस्तूंच्या बाजारावर कादंबरी लिहिताना केलेली टिपणे, एवढेच माझे भांडवल.

उलटी कसोटी

सोनेतारण कर्जाच्या टेबलावर मी काही वर्षे काढली आहेत. बाई दागिना घेऊन येते. मूल्यमापक सोनार तो कसोटीच्या दगडावर घासतो, वजन करतो, खडे असतील तर त्यांचे वजन वजा करतो. पाटली पोकळ असेल आणि आत लाख भरलेली असेल, तर तीही वजा. शेवटी उरते ते निव्वळ सोने. घडणावळीचा एक पैसाही धरत नाहीत. बाई सांगत असते, "अहो, हा नक्षीचा हात बघा, आता असे कारागीर नाहीत." खरेच नसतात. पण बँकेला नक्षीशी कर्तव्य नसते. दागिना वितळवला की सोने राहते, नक्षी जाते.

जुन्या खेळांचा बाजार याच्या बरोबर उलटा चालतो, हे कळायला मला थोडा वेळ लागला. इथले सोने म्हणजे खेळ स्वतः, म्हणजे फ्लॉपीवर किंवा सीडीवर साठवलेली आज्ञावली. तिला आज जवळजवळ किंमत नाही. जुने खेळ आजच्या संगणकावर चालतील असे करून विकणारी 'गुड ओल्ड गेम्स' ही पोलंडमधली सेवा २००८ मध्ये सुरू झाली. कधीकाळी महिन्याच्या पगाराला हात घालायला लावणारा खेळ आता घरबसल्या काहीशे रुपयांत उतरवून घेता येतो. मग लोक पैसे कशाचे मोजतात? खोक्याचे, पुस्तिकेचे, नकाशाचे, चिठ्ठ्याचपाट्यांचे. म्हणजे निव्वळ घडणावळीचे!

असे का, याचे उत्तर त्या खोक्यांच्या जन्मात आहे. अगदी सुरुवातीला तर खोकेही नव्हते. १९७९ साली अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये रिचर्ड गॅरियट नावाच्या शाळकरी पोराने 'अकालाबेथ' नावाचा खेळ रचला, मुखपृष्ठाचे चित्र आईकडून काढून घेतले, आणि फ्लॉपी व झेरॉक्सचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो जिथे काम करायचा त्याच दुकानात विकायला ठेवले. पुढे कंपन्या आल्या, दुकानातल्या फळीवर उठून दिसावे म्हणून मोठी खोकी आली. फ्लॉपी ती केवढीशी. खोके रिकामे वाटू नये म्हणून आणि गिऱ्हाइकाला गोष्टीत ओढावे म्हणून आत जाड पुस्तिका, नकाशे, खोटी पत्रे घालू लागले. 'इन्फोकॉम' कंपनीने १९८२ च्या 'डेडलाइन' या रहस्यखेळात पोलिसांचे कागद आणि पुरावे म्हणून गोळ्यासुद्धा घातल्या होत्या. २००० च्या सुमारास दुकानदारांना जागा परवडेना, मोठी खोकी जाऊन डीव्हीडीच्या आकाराच्या डब्या आल्या. थोडक्यात, हा सारा थाट वीसएक वर्षांचा. आणि बहुतेकांनी घरी आणल्या आणल्या खोके फेकून दिले. म्हणून आज खेळ उदंड, खोकी थोडी.

पाच प्रश्न

दुसऱ्या दिवशी सतराही खोकी जमिनीवर मांडली आणि बँकेत करायचो तसा तपासणीचा तक्ता आखला. माळ्यावरून अशी खोकी खाली उतरली, तर वाचकांनाही हे पाच प्रश्न उपयोगी पडतील.

पहिला प्रश्न: वस्तू नेमकी कोणती? नाव पुरत नाही. कोणत्या संगणकासाठी, कोणत्या साली, पहिली आवृत्ती की नंतर स्वस्तात काढलेली? एका लोकप्रिय खेळाचे सीलबंद खोके मुलाने सर्वांत वर ठेवले होते. त्याच्या लाखांच्या हिशेबाचा पाया तेच होते. ती नंतरची स्वस्त आवृत्ती निघाली. अशा आवृत्त्या पोत्याने छापल्या जातात. सीलबंद असली म्हणून स्वस्त साडी पैठणी होत नाही.

दुसरा: ऐवज पुरा आहे का? 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' हे चाच्यांचे खोके १९९० सालचे. फ्लॉपीची नक्कल कुणी करू नये म्हणून त्यात पुठ्ठ्याच्या दोन चकत्यांचे एक चक्र दिले होते. ते फिरवून चाच्याचा चेहरा जुळवायचा, त्याखालचे साल वाचायचे, आणि ते संगणकाला सांगायचे, तेव्हा खेळ पुढे जाई. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'त पहिला टप्पा ओलांडला की पुस्तिकेतला ठराविक शब्द पाहून त्याच्या आद्याक्षराची बाटली राजपुत्राला पाजावी लागे. चक्र हरवले, पुस्तिका गेली, की वस्तू लंगडी. आमच्या चाच्यांच्या खोक्यात चक्र होते, फ्लॉपी होत्या, नोंदणीचे कार्डसुद्धा कोरे होते. राजपुत्राच्या खोक्यात पुस्तिका नव्हती.

तिसरा: अवस्था काय? कोपरे दबलेले, कडा पांढऱ्या पडलेल्या, उन्हाने रंग उडालेला, दुकानाची चिठ्ठी ओरबाडून काढलेली, प्रत्येक दोषाला पैसे कापले जातात. शिवाय आपल्याकडचा पावसाळा. ठाणे-कल्याणच्या दमट हवेत फ्लॉपीवर बुरशी धरते, पुठ्ठा फुगतो, झुरळे डिंक खातात. आमच्या तीन खोक्यांवर गच्चीचे पाणी झिरपलेले होते. बुरशी आलेली फ्लॉपी चालते का पाहू म्हणून यंत्रात घालू नये. तिच्यापायी यंत्रही बिघडते.

चौथा: ही वस्तू हवी आहे कुणाला? दुर्मिळ ते मौल्यवान, हा गैरसमज आहे. दरवर्षी नवे निघणारे फुटबॉलचे आणि मोटारशर्यतीचे खेळ गेल्या वर्षीच्या पंचांगासारखे असतात. कोट्यवधींना विकला गेलेला तो 'मारिओ'सुद्धा दुर्मिळ नव्हे, त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या होत्या. दुर्मिळ होती ती त्या एका प्रतीची कोरी अवस्था आणि तिला मिळालेली प्रतवारी. २०२१ च्या त्या लाटेनंतर भाव उतरले आणि प्रतवारी करणाऱ्या कंपनीवर २०२२ मध्ये अमेरिकेत खटलाही दाखल झाला. लाटेच्या माथ्यावरचा भाव पाहून घरचे अंदाजपत्रक मांडू नये, हे शेअर बाजाराने १९९२ साली आपल्याला शिकवलेच आहे.

पाचवा, आणि आजच्या मुलांना लवकर कळणारा: हक्क हस्तांतर होतो का? 'स्टीम' ही सेवा २००३ मध्ये आली आणि २००४ च्या 'हाफ-लाइफ २' पासून खोक्यातला सांकेतिक क्रमांक एकदा खात्याला जोडला की दुसऱ्याला तो वापरता येईना. अशी डबी म्हणजे वटवून झालेला धनादेश. शोभेला ठीक. आमच्या तीन डब्या या जातीच्या होत्या.

एका बुटाच्या डब्यात मार्करने नावे लिहिलेल्या सीडीही होत्या. नव्वदच्या दशकात लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून अशा सीडी आणल्या नाहीत, असा संगणकवेडा ठाणे-डोंबिवलीत क्वचितच सापडेल. त्यांचे मूल्य शून्य, आणि बेकायदा प्रत विकणे हा गुन्हा. तो डबा मी बाजूला सारला.

मागणी आणि विक्री

आता भाव. मुलाने विक्रीच्या संकेतस्थळांवरचे आकडे उतरवून ठेवले होते. मी विचारले, "हे मागितलेले की मिळालेले?" तो गप्प. घोडबंदर रोडला फ्लॅटचा भाव दलाल सांगतो तो नसतो, नोंदणी झालेल्या करारनाम्यात असतो तो खरा. इथेही तसेच. मागणारा कितीही मागेल. झालेल्या विक्रीचे पाच-सहा आकडे घ्यावेत, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सोडावा, मधल्यांवर अंदाज बांधावा. त्यातून टपालखर्च आणि संकेतस्थळाची दलाली वजा करावी. खोके हलके असले तरी आकाराने मोठे, ते न दबता परदेशी पोहोचवणे हाच मोठा खर्च.

आणि विश्वास? या बाजारात तो नगद मोजला जातो. २०२२ मध्ये जुन्या संगणक-खेळांच्या संग्राहकांत मोठी खळबळ उडाली. वर्षानुवर्षे जाणकार मानल्या गेलेल्या एका सदस्याकडून आलेले दुर्मिळ खेळ बनावट असल्याचा आरोप इतर सदस्यांनी पुराव्यांसह जाहीर केला. लेबले भिंगाखाली वेगळी दिसत होती, काही फ्लॉपींत तर खेळच नव्हता. कुणी फ्लॉपी यंत्रात घालून पाहिलीच नव्हती! लाख भरलेली पाटली, दुसरे काय?

उलट उदाहरणही आहे. 'अटारी' कंपनीने १९८३ साली न खपलेला माल अमेरिकेतल्या अलामोगोर्डो गावी जमिनीत पुरला. त्यात 'ई. टी.' हा साफ पडलेला खेळ होता. २०१४ मध्ये ते खणून काढले आणि गावाने प्रमाणपत्रासह त्या मातकट वस्तू विकून एक लाखाहून अधिक डॉलर मिळवले. खेळ वाईट, दुर्मिळही नाही, अवस्था तर पुरून काढलेल्या वस्तूची असते तशी. किंमत आली ती कुठून आले याच्या खात्रीशीर कागदामुळे. म्हणून माळ्यावर खोक्यासोबत जुने बिल सापडले तर ते फेकू नका. आमच्या इंजिनिअरसाहेबांनी चाच्यांच्या खोक्यात सिंगापूरच्या दुकानाचे बिल घडी घालून ठेवले होते.

मी तक्ता पुरा केला. खेळांच्या स्पर्धांची चार, वटवून झालेली तीन, भिजलेली तीन, सर्वत्र मिळणारी चार, पुस्तिकेविना एक. ही पंधरा मिळून किरकोळ. चाच्यांचे एक चांगले, पुरे, बिलासह. आणि सतरावे?

सतराव्याची मला विशेष उत्सुकता होती. 'युवराज सिंग इंटरनॅशनल क्रिकेट २००७'. हाच खेळ इंग्लंडात ब्रायन लाराच्या नावाने आणि ऑस्ट्रेलियात रिकी पाँटिंगच्या नावाने निघाला. युवराजचे नाव फक्त भारतातल्या आवृत्तीला. असा फरक असलेली आवृत्ती परदेशी संग्राहक शोधत असतो. मोठी रक्कम नव्हे, पण सतरांपैकी अस्सल आपल्याकडचे म्हणावे असे हे एकच. मी उत्साहाने पुस्तिका उघडली आणि पानोपानी निळ्या बॉलपेनची अक्षरे दिसली. कोणती कळ कशासाठी, ते मराठीत: "हे दाबले की चौकार." "हे दाबायचे नाही, बाबा आल्यावर दाबू." मुलगा तेव्हा चार-पाच वर्षांचा असणार. बाप बोटीवर निघण्यापूर्वी लिहून ठेवून गेला होता.

तक्त्यात मी नियमाप्रमाणे लिहिले: 'पुस्तिकेत लिखाण. दोष. किंमत कमी धरावी.'

हिशेब

संध्याकाळी वहिनींच्या रिकाम्या होत चाललेल्या घरात, बांधलेल्या सामानावर बसून मी आकडा सांगितला. सगळे मिळून एका बऱ्यापैकी मोबाइलच्या किमतीइतके, आणि त्यातले बहुतेक एकट्या चाच्यांचे. मुलाचा चेहरा पडला. बँकेच्या नोकरीत हा चेहरा मी अनेकदा पाहिला आहे. आईने दिलेला हार सोन्याचा नाही, हे काउंटरपलीकडच्या बाईला सांगताना पाहिलेला. अशा वेळी आकडा थोडा फुगवून सांगावा असा मोह होतो. पण फुगवलेला आकडा माणसाला आठ दिवस सुख देतो आणि नंतर त्याची मुदत चुकवतो. मुलाची फी भरण्याची तारीख जवळ होती.

तो तक्ता वाचत गेला आणि शेवटच्या ओळीवर थांबला. पुस्तिका मागून घेतली, बराच वेळ पाहिली. मग म्हणाला, "काका, हा यादीतून काढा." मी ओळ खोडली.

मला तेव्हा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' रचणारा जॉर्डन मेकनर आठवला. राजपुत्राच्या उड्या खऱ्या वाटाव्यात म्हणून त्याने धाकट्या भावाला पळायला लावून त्याचे चित्रण केले होते, संगीत वडिलांनी दिले होते. १९८९ सालच्या त्या खेळाची मूळ आज्ञावली हरवली, असेच तो धरून चालला होता. २०१२ मध्ये वडिलांना घरातल्या कपाटात एक खोके सापडले, त्यात त्याच्या फ्लॉपी. तेवीस वर्षांनी त्या वाचता आल्या आणि त्याने ती आज्ञावली सर्वांसाठी खुली करून टाकली, फुकट. बापांच्या माळ्यांचे मूल्यमापन करणे सोपे नसते.

चाच्यांचे खोके बंगळुरूच्या एका संग्राहकाने घेतले. जाहिरातीत दोष आधी लिहिले होते: 'एक कोपरा किंचित दबलेला, एक फ्लॉपी तपासलेली नाही.' त्याने घासाघीस केली नाही. बाकीची खोकी मुलाने ओळखीच्या पोरांना किरकोळीत दिली.

आणि पाटल्या गेल्याच. सोबत म्हणून मी वहिनींबरोबर बँकेत गेलो. टेबलापलीकडे आता माझ्या मुलाच्या वयाचा अधिकारी होता, पण कसोटीचा दगड तसाच. सोनाराने पाटली घासली, वजन केले आणि नियमाप्रमाणे घडणावळ सोडून आकडा सांगितला. फीपुरता होता. वहिनींनी सही केली, पावती पदराआडच्या पाकिटात ठेवली आणि बाहेर रिक्षाची वाट पाहताना मला म्हणाल्या, "भाऊजी, त्या खोक्यांत घडणावळच धरतात म्हणालात ना?"

"हो, तिथे तेवढीच धरतात."

"मग बरे झाले, एक ठेवले ते."